चार किलोमीटर वाचवणारा रस्ता

रविवार, १६ नोव्हेंबर. इचिकावा. स्टेशनजवळच्या सार्वजनिक सभागृहातली दुसऱ्या मजल्यावरची खोली, सकाळी साडेदहा ते साडेबारा.

तुमच्या शोकसभेला हजर: नितीन, मी, तुमची नात ईरा. इथल्या मराठी मंडळाचे चौदा जण. नागोयाहून सकाळच्या पहिल्या शिन्कान्सेनने आलेले देशपांडे पतिपत्नी. तुमचे शोगीचे, म्हणजे जपानी बुद्धिबळाचे, जोडीदार मोरी-सान, काळ्या सुटात, सगळ्यांच्या आधी वीस मिनिटं. पुण्याहून व्हिडिओवर कुमुदआत्या; अर्धा वेळ त्यांचं फक्त कपाळ दिसत होतं.

नाना, साइटवर आधी हजेरी, मग चहा, मग काम, असा तुमचा क्रम होता, म्हणून मीही तसंच लिहिते आहे. हजेरी झाली. चहा मोरी-सानांनी दोनदा घेतला. आता काम.

खोली साडेबाराला रिकामी करून द्यायची होती, खुर्च्या होत्या तशा रचून. त्यामुळे बोलणाऱ्या प्रत्येकाला मी चार मिनिटं ठरवून दिली होती. कुणीही पाळली नाहीत. नितीन सगळ्यात शेवटी उठला आणि त्याने तीच गोष्ट सांगितली, जी मी लग्न होऊन आल्यापासून ऐकते आहे. राजस्थानच्या रस्तेखात्यात नोकरीला लागलेला मराठी तरुण इंजिनिअर. वाळवंटातून वेडीवाकडी जाणारी उंटांची जुनी वाट. तिच्याऐवजी या तरुणाने नकाशावर पट्टी ठेवून आखलेला राज्य महामार्ग. चार किलोमीटर वाचले. "माझ्या वडिलांनी वाळूत सरळ रेघ ओढली," एवढं म्हणून तो रडायला लागला. ईरा मोरी-सानांना हळू आवाजात जपानीत सांगत होती. त्यांनी खाली वाकून नमस्कार केला. सगळ्यांचे डोळे भरून आले होते. माझेही आले, पण माझं कारण वेगळं होतं.

त्या रस्त्याची उरलेली गोष्ट त्या खोलीत फक्त मला माहीत होती. ती गोष्ट सांगणारं एक पत्र तुम्ही मला लिहून पाठवायला सांगितलं होतं. ते अर्धवट माझ्या लॅपटॉपमध्ये आहे. मी ते पाच महिने पुढच्या रविवारवर ढकलत राहिले आणि तुम्ही गेलात.

आपलं दोघांचं जमेल असं खरं तर कुणालाच वाटलं नव्हतं. नितीनची आई गेल्यानंतर तुम्ही आमच्याकडे राहायला आलात. पहिल्याच आठवड्यात फ्रिजवर लावलेली माझी कामांची यादी तुम्ही चष्मा लावून वरपासून खालपर्यंत वाचलीत आणि विचारलंत, "यात मी कुठे आहे?" मला वाटलं, रागावलात. नंतर कळलं, तुम्हाला काम हवं होतं. मी तुम्हाला कचरा दिला. जळणारा कुठल्या दिवशी, प्लास्टिक कुठल्या दिवशी, बाटल्यांची लेबलं काढायची, झाकणं वेगळी ठेवायची. तुम्ही त्याचा तक्ता केलात आणि तो पाठही केलात. महिन्याभरात तुम्ही शेजारच्या बाईंनी चुकीच्या दिवशी बाहेर ठेवलेली पिशवी उचलून परत त्यांच्या दारात नेऊन ठेवलीत. मला ऑफिसला जायच्या आधी जाऊन त्यांची माफी मागावी लागली. संध्याकाळी मी चिडून बोलले तेव्हा तुम्ही शांतपणे म्हणालात, "मुकादम, नियम त्यांचाच आहे." तेव्हापासून मी मुकादम झाले. रोज सकाळी, "मुकादम, आज काय काम काढलंय?" मी मालवाहतुकीच्या कंपनीत सोळा वर्षं माणसं आणि गाड्या कामाला लावते. इतकं बरोबर नाव मला ऑफिसात कुणी दिलं नाही.

आणि माझी आई गेली तो दिवस. तिकीट मिळेना, पोचले असते तरी उशीरच झाला असता. मी सवयीने स्वयंपाकघरात जाऊन यादी पुरी करायला लागले. तुम्ही आलात, फ्रिजवरचा कागद काढलात, घडी घालून खिशात ठेवलात आणि म्हणालात, "आज साइट बंद." मग तुम्ही चहा केलात. भयंकर होता. तो कागद मी तुम्हाला परत मागितला नाही. तुमचे आभार मानायचेही राहिले.

जेवताना तुम्ही ईराला वाळवंटातल्या रस्त्यांच्या गोष्टी सांगायचात. तुम्ही मराठीत, ती जपानीत, आणि मध्ये मी भाजी वाढता वाढता दुभाषी. आधी रस्ते नव्हतेच. एका विहिरीपासून दुसऱ्या विहिरीपर्यंत जाणाऱ्या वाटा होत्या, आणि त्या वाटा माणसांपेक्षा उंटांना जास्त पाठ. मग ट्रक आले. वाळूत शिरण्याआधी ड्रायव्हर टायरमधली हवा कमी करायचे, तरीही रुतले तर चाकाखाली लोखंडी पत्रे टाकायचे. बसमध्ये पाण्याचा माठ बांधलेला असायचा. हिरव्या डोक्याचे किलोमीटरचे दगड लावले की उंट त्यांना अंग घासायचे आणि वर्षभरात आकडे पुसले जायचे. उन्हाळ्यात वादळ आलं की रस्ता दिसेनासा व्हायचा. मग गँगमन लोखंडी सळई वाळूत खुपसत चालायचे. खाली टणक लागलं की तिथे डांबर. ईराने विचारलं होतं, रस्ता हरवतो? तुम्ही म्हणालात, "हरवत नाही गं, झोपतो. वाऱ्याने पांघरूण घातलं की जाऊन उठवावं लागतं." ती हसली. मीही हसले. तो नेमका कुठे झोपायचा आणि का, हे तेव्हा मी विचारलं नाही.

मग गेल्या मे महिन्यातली तोत्तोरीची सहल. ईराने नकाशावर दाखवलं की जपानलाही वाळूच्या टेकड्या आहेत, आणि तुम्ही हट्टच धरलात. नितीन गाडी चालवत होता. नागोयाला देशपांड्यांकडे मुक्काम, दुसऱ्या दिवशी पुढे. एक्स्प्रेसवेवर तुम्ही सुरुवातीला प्रत्येक बोगद्याला दाद दिलीत, भराव किती छान, उतार कसा काढलाय. दुसऱ्या दिवशी दुपारपर्यंत गप्प झालात. दोन्ही बाजूंना आवाज अडवणाऱ्या भिंती, भिंत संपली की बोगदा, बोगदा संपला की भिंत. तुम्ही विचारलंत, "या रस्त्याला गावं का नाहीत?" नितीन म्हणाला, आहेत की, भिंतीपलीकडे आहेत, गावांत शिरत बसलो तर उद्या पोचू.

टेकड्या बघून मात्र तुम्ही खळखळून हसलात. एवढीशी वाळू? ही तर कुणीतरी बांधकामासाठी आणून टाकली आहे. तिथे पर्यटकांना फिरवणारा एक उंट होता. तुम्ही त्याच्याजवळ गेलात आणि त्याला मारवाडीत बसायचा हुकूम सोडलात. तो ढिम्म. तुम्ही ईराला म्हणालात, "याची भाषेची परीक्षा घ्या. हा इथेच वाढलेला दिसतो." ईराला टोमणा कळला आणि तिने तुम्हाला मराठीत उत्तर दिलं. त्या दिवसाचं तेवढं एकच मराठी वाक्य.

परत येताना नितीनला झोप येत होती म्हणून आपण एक्स्प्रेसवे सोडून जुन्या रस्त्यावरच्या विसाव्याला थांबलो. गावातले लोक स्वतःच्या शेतातलं आणून विकतात तसली जागा. नितीन आणि ईरा आइस्क्रीमच्या रांगेत गेले. तुम्ही लोणच्याच्या टेबलापाशी थांबलात. वाळूत पिकणाऱ्या छोट्या कांद्यांचं लोणचं, आणि विकायला साधारण तुमच्याच वयाच्या एक आजी. त्या माझ्याशी बोलत राहिल्या. तुम्ही मला विचारलंत, काय म्हणतात. मी सांगितलं: वरचा नवा रस्ता झाल्यापासून गाड्या इकडे उतरत नाहीत, पूर्वी सकाळीच सगळं संपायचं. तुम्ही विचारलंत, मग आता काय करतात? मी त्यांना विचारलं आणि सांगितलं: रोज येऊन बसते म्हणतात, कुणी थांबलं तर म्हणून.

तुम्ही दोन पाकिटं घेतलीत, बाहेरच्या बाकावर जाऊन बसलात, आणि मला म्हणालात, बस जरा.

तुम्ही सांगितलंत की उंटांची ती जुनी वाट वेडीवाकडी नव्हती. ती वाळूच्या टेकड्यांना वळसा घालून कडक जमिनीवरून जायची आणि भोमारामजी नावाच्या माणसाच्या ढाणीवरून, म्हणजे दहा-बारा झोपड्यांच्या वस्तीवरून जायची, कारण तिथे गोड्या पाण्याची विहीर होती. सर्व्हेच्या वेळी तुमची माणसं त्या ढाणीत सव्वा महिना राहिली. भोमारामजींनी त्यांना जेवायला घातलं, उंट दिले, रोज बरोबर चालून जमीन दाखवली. त्यांनी एकच गोष्ट मागितली होती, सडक इकडून न्या. तुम्ही हो म्हणाला होतात. बघतो नाही, हो. आणि मग ऑफिसात बसून पट्टी ठेवलीत. भोमारामजींनी काठीने दाखवून सांगितलं होतं की त्या सरळ रेषेवर जेठ महिन्यात वारा बसतो. तुम्ही ती जमीन फक्त थंडीत पाहिली होती. रस्ता झाला, सरळ, टेकड्या कापून, आणि पहिल्याच उन्हाळ्यात त्या कापलेल्या जागी वाळू भरली. दर उन्हाळ्यात भरत राहिली. ढाणी रस्त्यापासून पाच किलोमीटर आत राहिली.

मला वाटलं, गोष्ट संपली. तुम्ही पाकिटाचा कोपरा दुमडत होतात. मग म्हणालात की बदली होऊन तुम्ही तिकडून निघालात, त्याच रस्त्याने, जीपमधून. ढाणीच्या फाट्यावर झाडाच्या काड्यांची सावली केलेली होती आणि तिच्याखाली पाण्याचे माठ घेऊन भोमारामजी बसले होते. बसच्या लोकांना पाणी पाजायला ते रोज पाच किलोमीटर चालत यायचे, हे तुम्ही ऐकून होतात. जीप बघून ते उठून उभे राहिले. हात वर केला. "थांबा म्हणून नाही केला," तुम्ही म्हणालात, "ओळखलं म्हणून केला." ड्रायव्हरने वेग कमी केला. तुम्ही म्हणालात, चल, उशीर झालाय.

उशीर झाला नव्हता. रेल्वेगाडी दुसऱ्या दिवशीची होती.

आता माझी चूक. मी तुम्हाला बरं वाटावं म्हणून बोलले. म्हणाले, नाना, चार किलोमीटर म्हणजे जाऊन-येऊन आठ, रोजच्या एवढ्या गाड्या, चाळीस वर्षं, किती डिझेल वाचलं, किती माणसांचा वेळ वाचला, एका वस्तीसाठी रस्ता वळवता येत नाही. मी रोज हेच करते, मला हे आकडे तोंडपाठ येतात. तुम्ही माझं पूर्ण ऐकून घेतलंत आणि म्हणालात, "मी तुला रस्त्याबद्दल नाही विचारलं, सुनेत्रा."

मुकादम नाही. सुनेत्रा.

इतक्यात ते दोघं आइस्क्रीम घेऊन आले. तुम्ही मला घाईघाईने सांगितलंत की भोमारामजींच्या घरच्यांना एक पत्र लिहायचं आहे, तुमचा हात थरथरतो, मी टाइप करायचं. आणि नितीनला इतक्यात सांगू नकोस, पत्र गेलं की मीच सांगेन. मी हो म्हणाले. घरी आल्यावर यादीत घातलं: नानांचं पत्र, रविवार, साडेदहा.

त्या रविवारी आपण खरंच बसलो. नितीन ईराला पोहायला घेऊन गेला होता. तुम्ही हिंदीत सांगत होतात, मी लिहीत होते, आणि लिहिता लिहिता मी ते नीट करत गेले. वर विषय घातला. मग पार्श्वभूमी: खात्याचे निकष, वरिष्ठांचा आग्रह, मंजुरीची मुदत, सरळ मार्गाचे फायदे. पान भरलं. तुम्ही मोठ्याने वाचायला सांगितलंत. ऐकून म्हणालात, "कारणं काढ."

मी म्हणाले, कारणं खरी आहेत.

"खरी आहेत म्हणूनच काढ. हा खुलासा झाला. खुलासे मी जन्मभर लिहिले."

मी म्हणाले, कारणं काढली तर तुम्ही फार वाईट दिसाल, मी तसं लिहून देणार नाही. तुम्ही म्हणालात, मुकादमने आखणी बदलायची नसते. हे हसत म्हणालात, पण मला लागलं. मी लॅपटॉप मिटला आणि म्हणाले, पुढच्या रविवारी शांतपणे बघू.

पुढच्या रविवारी ईराच्या शाळेचा क्रीडादिन. त्याच्या पुढच्या रविवारी ऑफिसची मालमोजणी. मग उकाडा, मग ओबोनच्या, म्हणजे इथल्या पितरांच्या सणाच्या, सुट्टीत पाहुणे. यादी दर सोमवारी नवी होते आणि राहिलेलं काम मी स्वच्छ अक्षरात खाली उतरवते. स्वच्छ अक्षरात उतरवलं की ते काम होत आल्यासारखं वाटतं. हे मला फार उशिरा कळलं.

मग तुम्हाला हॉस्पिटलमध्ये ठेवावं लागलं. तिथे दुपारी भेटायची वेळ होती. तोंडावरचा मास्क नर्सने थोडा वेळ काढला होता. तुम्ही ईराच्या परीक्षेचं विचारलंत, कचऱ्याचं विचारलंत. मग म्हणालात, "पत्र?" खोटं बोलता आलं असतं. तुमच्याशी नाही जमलं. म्हणाले, गेलं नाही, रविवारी बसू.

"कारणं काढलीस?"

"नाही."

"काढ."

आपलं शेवटचं बोलणं ते. शुक्रवारी तुम्ही गेलात.

दहन झाल्यावर इथल्या पद्धतीप्रमाणे आम्ही दोघादोघांनी लांब चॉपस्टिक्सनी तुमच्या अस्थी उचलून कलशात ठेवल्या. कसं धरायचं ते ईराला तिथल्या माणसाने एकदा दाखवलं. नितीनचा हात कापत होता, तिचा नाही. तिने दुसऱ्या बाजूने त्याची चॉपस्टिक सांभाळली. ती नितीनसारखी नाही, तुमच्यासारखी आहे, असं मला त्या वेळी वाटलं, आणि हे तुम्हाला सांगायचं म्हणून मी मनात नोंदवून ठेवलं. अजून मी अशा नोंदी करते.

चौथ्या दिवशी सकाळी मी उपग्रहाचा नकाशा उघडला. तुमचा रस्ता दिसतो, नाना. काळी सरळ रेघ, आणि मध्ये एका ठिकाणी ती फिकट होते, तिथे वाळू असणार. तिच्या उत्तरेला जुन्या वाटेचा पुसट वळसा अजून दिसतो. फाट्याजवळ एक शाळा सापडली, शाळेचा फोन सापडला, फोन लागलाही. मास्तरांना भोमारामजींचं नाव माहीत होतं. ते जाऊन बरीच वर्षं झाली. ढाणीत आता कुणी राहत नाही, सगळे सडकेवर येऊन राहिलेत. नातू फाट्यावर पंक्चरचं दुकान चालवतो, आजोबांच्या नावाने. मास्तरांनी पत्ता सावकाश, दोनदा सांगितला. मी लिहून घेतला आणि सवयीने घड्याळाकडे बघितलं. सगळं मिळून वीस मिनिटं लागली होती.

पाच महिने, आणि वीस मिनिटं. मी स्वयंपाकघरात जमिनीवर बसून रडले. मग उठले, कारण त्या दिवशी प्लास्टिकचा कचरा होता.

आज सभागृहातून आल्यावर मी कारणं काढली. मला अजूनही तुमचं पटलेलं नाही, हे स्पष्ट सांगते. त्या रस्त्याने दवाखान्यात पोचलेली माणसंही असतील, आणि तुम्ही स्वतःला दिलेली शिक्षा गुन्ह्यापेक्षा मोठी आहे. तुम्ही असतात तर मी यावर आणखी एक रविवार भांडले असते. पण पत्र तुमचं आहे. विषय काढला, पार्श्वभूमी काढली, निकष, मंजुरी, मुदत, सगळं. सात ओळी उरल्या, नातवाच्या नावाने. तुमच्या आजोबांनी आमच्या माणसांना सव्वा महिना सांभाळलं. मी शब्द दिला आणि तो मोडला. त्यांनी जमिनीबद्दल सांगितलं ते बरोबर होतं, माझं चूक. नंतर ते मला रस्त्यावर भेटले, त्यांनी हात वर केला, आणि मी जीप थांबवली नाही. एवढंच, आणि माफी. वाचायला एक मिनिटही लागत नाही. तुम्ही यात वाईट दिसत नाही, नाना. तेवढं माझं चुकलं होतं.

एक अडचण राहते. 'मी जीप थांबवली नाही' हे आता तुम्ही लिहू शकत नाही. मी सगळीकडे 'मी' खोडून 'माझ्या वडिलांनी' केलं, म्हणजे सही नितीनची लागेल. सुनेच्या सहीने भागणार नाही. त्या माणसांना मुलाने लिहायला हवं. आणि नितीन इंजिनिअर झाला तो त्या चार किलोमीटरांमुळे. आज सकाळी तो सगळ्यांसमोर ज्या रेघेवर रडला, ती रेघ मला त्याच्यापुढे पुन्हा ठेवायची आहे. तुम्ही म्हणाला होतात की तुम्ही सांगाल. आता मला सांगावं लागेल, आणि मला त्याची भीती वाटते. यादीत हे कसं लिहायचं तेही मला समजत नाही.

मंडळाने अंकासाठी तुमच्यावर एक लेख मागितला आहे, बुधवारपर्यंत. तो हा. त्यांना पाठवायच्या आधी तो नितीनने वाचायला हवा, आणि त्याच्याही आधी पत्र.

पत्र छापून टेबलावर ठेवलं आहे. पाकिटावर पत्ता लिहून झाला, तिकीट लावून झालं. नितीन बाल्कनीत कपडे वाळत घालतो आहे. मघाशी तो पाणी प्यायला आत आला तेव्हा मी कागद पालथा केला. तो गेल्यावर पुन्हा सुलटा केला आणि शेजारी पेन ठेवलं. त्याला हाक मारायची राहिली आहे.